एकाच वाफ्यावरचे तीन उपचार

माझी नांदेडला झालेली बदली मी स्वतःच रद्द करून घेतली होती आणि घरी मात्र ती वरिष्ठांनी रद्द केली असे सांगितले होते. पुढे काही वर्षांनी खात्याने पुन्हा एकदा विचारले, तेव्हाही मी नको म्हणालो, आणि त्या वेळी तर घरी सांगितलेसुद्धा नाही. दोष दोन वाक्यांत मावतो. परंतु मी तो इतका काळ लपवून ठेवला की आमचा सगळा संसार त्याच्याच आधाराने उभा राहिला, तोही दोन गावांत. पत्नी नांदेडला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते; मी लातूरला सोयाबीनच्या वाणांची तुलना करतो. शनिवारी दुपारी मी नांदेडला जात असे आणि सोमवारी पहाटे परतत असे. उरलेल्या दिवसांत फोनवर एकमेकांची जेवणे झाली का, एवढे विचारून आम्ही नवरा-बायको राहत असू.

हे लिहिण्यापूर्वी मी तिची परवानगी घेतली आहे. तिने एकच अट घातली. "स्वतःला फार वाईट म्हणून घेऊ नका," ती म्हणाली, "त्यातही तुम्हाला मोठेपणा वाटतो." अट पाळण्याचा मी प्रयत्न करीन.

बदली का टाळली, हे सांगताना संकोच वाटतो. एवढ्या दीर्घ खोटेपणाला शोभेल असे कारणच माझ्यापाशी नाही. लातूरला गच्चीवर माझी एक भाड्याची खोली होती. संध्याकाळी मी तिथे वरणभात लावून खिडकीतल्या निंबाकडे पाहत स्वस्थ बसत असे, आणि "कसला विचार करताय?" असे विचारणारे तिथे कोणी नसे. पुढे ज्या ज्या समुपदेशकांकडे आम्ही गेलो, त्या प्रत्येकाने आडवळणाने दुसऱ्या बाईची चौकशी केली. माझ्या आयुष्यात दुसरी बाई कधीच नव्हती. दुसरी खोली होती.

माझे वरिष्ठ सज्जन होते. प्रयोग अर्धवट राहतील, असे मी म्हणताच त्यांनी कोणते प्रयोग हे न विचारता चहा मागवला आणि बदली थांबवण्याची तजवीज केली. काही वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत फिरत हात जोडून आमच्यापुढे आले, तेव्हा पत्नी म्हणाली, "साहेब, तुमच्या कृपेनं आमचं घर दोन जागी झालं बघा. तुमच्या मुलीचं तसं होऊ नये." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मठ्ठ्याच्या पेल्यात पाहिले. पेला रिकामा होता, तरी मी तो बराच वेळ पीत राहिलो.

मागल्या वर्षी आमची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. तिला गाडीत बसवून आल्यावर पत्नीने चुरमुऱ्यांचा सुशीला केला, मला वाढला आणि समोर बसून अतिशय शांतपणे म्हणाली, "आपण वेगळे राहतोच. आता कागदावरही वेगळे होऊ."

"रागावलीस का?" मी विचारले.

"न्हाई. रागवायला माणूस घरात असावं लागतं."

मुलीला हे कळले तेव्हा तिने आम्हा दोघांनाही फोनवर वेगवेगळे खडसावले. वकिलाकडे जायच्या आधी समुपदेशकाकडे जा, तेही एकाच्या भरवशावर राहू नका, असे तिचे म्हणणे. "बाबा, तुम्ही जन्मभर बियाण्यांची तुलना केलीत ना? मग ही पण करा." तिचा सल्ला मी जरा जास्तच शब्दशः घेतला. उपचारांचे प्रकार वाचून काढले आणि आमच्या दोघांच्या आवाक्यात येणारे तीन निवडले.

तुलनेविषयी मात्र आधीच एक कबुली द्यायला हवी. आमच्या शास्त्रात एकाच शेताचे सारखे वाफे पाडतात, प्रत्येकाला वेगळा उपचार देतात आणि एक वाफा उपचाराविना तसाच ठेवतात. मग कशाने काय झाले ते कळते. संसाराचे असे वाफे पडत नाहीत. आम्ही एकाच वाफ्यावर एकामागून एक तीन उपचार केले, त्यामुळे कशाने काय उगवले हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उपचाराविना ठेवायचा वाफा म्हणाल, तर तो आम्ही आधीची सगळी वर्षे ठेवलाच होता.

पहिले समुपदेशक नांदेडचे. भावनांच्या मागे लागू नका, आधी वागणे बदला, भावना मागाहून येतात, असा त्यांचा सिद्धांत. मला तो फार पटला, कारण वागणे डोळ्यांना दिसते आणि मोजता येते.

"जोडीदाराच्या तीन चांगल्या गोष्टी सांगा," ते पत्नीला म्हणाले.

तिने विचार केला. "गाडीची चावी जागेवर ठेवतात."

"छान. आणखी?"

बराच वेळ गेला. "घोरत न्हाईत." मग तिने प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, "म्हणजे लातूरला घोरत असले तर मला माहीत न्हाई."

माझी पाळी आली. मी तयारी करून गेलो होतो. "ती कष्टाळू, प्रामाणिक आणि कर्तव्यदक्ष आहे."

"हे माझ्या निरोप समारंभाचं भाषण चालू आहे का?" पत्नी समुपदेशकांना म्हणाली.

त्यांनी आम्हाला घरी करायचे दोन अभ्यास दिले. पहिला असा : घरातली एक वस्तू ठरवायची, ती ज्याच्या हातात असेल त्याने बोलायचे आणि दुसऱ्याने मध्ये एक शब्दही न काढता ऐकायचे. बोलणाऱ्याने "तुम्ही असं करता" अशी सुरुवात न करता "मला" या शब्दाने सुरुवात करायची. आम्ही तिच्या वडिलांचा जुना पितळी अडकित्ता ठरवला. पहिल्याच रविवारी तो तिच्या हातात होता आणि ती "मला असं वाटतं की" इथवर आली होती, तेवढ्यात दार वाजले. रेणापूरहून तिचा भाऊ आला होता. त्याचे तिथे आडतीचे दुकान आहे आणि सौदे पुकारून आवाज पक्का झालेला आहे.

"अरे! आप्पाचा अडकित्ता! आन गं हिकडं," म्हणत त्याने तो तिच्या हातातून घेतला, खिशातून सुपारी काढली आणि कातरत बसला. मग तो बोलू लागला. सोयाबीनमधला ओलावा, भावाची पडझड, एका व्याह्याचे गुडघ्याचे ऑपरेशन. नियमाप्रमाणे बोलण्याचा हक्क आता त्याच्याकडे होता, आणि आम्ही दोघेही नियम पाळणारी माणसे. आम्ही मुकाट ऐकत राहिलो. सुपारी संपली, त्याने दुसरी काढली. त्या क्षणी मी पत्नीकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही हसू लागलो, ते थांबेनाच.

"काय झालं? मी काय हासण्यासारखं बोलून राहिलोय का?" तो म्हणाला.

पत्नीने त्याला सगळे समजावून सांगितले. त्याने अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे तुम्ही पैसे देऊन भांडून राहिलेत? दाजी, तुम्ही लई शिकलेले, पन हे काय बरोबर न्हाई. आमच्याकडं या. आमच्या बैठकीत फुकट भांडता येतंय, वर जेवन."

बैठक ही त्याची उपचारपद्धती. दोन्हीकडची वडीलधारी माणसे सतरंजीवर बसवायची, नवरा-बायको दोघांनाही सारखेच बोलायचे, आणि चहा यायच्या आत समेट जाहीर करून टाकायचा. मी तुलनेच्या सवयीने विचारले, "यातून किती जोडपी खरोखर सुधारतात?"

"समदी," तो म्हणाला. "कोन वापस येऊन सांगंल का, की न्हाई सुधारलो म्हनून?"

दुसरा अभ्यास असा होता, की दुसऱ्याला मनापासून आवडणारी एखादी गोष्ट, न सांगता, न विचारता करायची. मी खूप आठवून पाहिले. लग्न झाले तेव्हा तिला सीताफळाचे वेड होते. रेणापूरला वडिलांच्या बांधावर बसून ती सीताफळ खाई आणि बिया लांब थुंकण्यात भावाला हरवी. पुढे कधीतरी तिने ते खाणे बंद केले. पित्त होत असेल असे समजून मी कधी विचारले नव्हते. आता मात्र लातूरच्या बाजारातून, डोळे मोकळे झालेली, हाताला जेमतेम मऊ लागणारी एकेक निवडून मी टोपलीभर सीताफळे घेतली आणि नांदेडला दारात जाऊन उभा राहिलो.

तिने दार उघडले, टोपलीकडे पाहिले आणि तिचा चेहरा असा काही उजळला की तसा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. "ऑर्डर आली का?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो, "अभ्यास आहे."

तिने टोपली घेतली आणि तशीच शेजारच्यांकडे नेऊन दिली. पुढच्या भेटीत मी समुपदेशकांना सांगितले, "मी कृती पार पाडली. प्रतिसाद मिळाला नाही." पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. या पहिल्या उपचाराने आम्ही एकमेकांचे बोलणे न तोडता ऐकायला शिकलो, हे मान्य केले पाहिजे. फक्त ऐकण्याजोगे असे काही आम्ही अजून बोललो नव्हतो.

दुसऱ्या समुपदेशक लातूरच्या. वयाने आमच्या मुलीहून थोड्याच मोठ्या, आणि मोठ्या शहरात वाढलेल्या. यांचा सिद्धांत बरोबर उलटा. वागणे ही वरची साल. रागाच्या खाली दुःख असते, दुःखाच्या खाली भीती असते, तिथवर उतरल्याशिवाय काही बदलत नाही. या उपचारासाठी पत्नी लातूरला येऊ लागली. आदल्या दिवशी येऊन ती माझ्या खोलीवर उतरे. पहिल्याच संध्याकाळी ती खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसली आणि निंबाकडे बराच वेळ पाहत राहिली. "छान आहे इथं," ती म्हणाली. "कोणी काही विचारत नसंल." मी "हं" म्हणालो आणि भांडी घासायला उठलो. भांडी घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी समुपदेशकबाईंनी आम्हाला समोरासमोर बसवले. "त्या वेगळं व्हायचं म्हणतात, तेव्हा तुम्हाला आत काय होतं? शरीरात कुठे जाणवतं?" त्यांनी मला विचारले.

मी प्रामाणिकपणे शोध घेतला. "गुडघ्यात."

"त्यांना सगळं गुडघ्यातच जाणवतं," पत्नी म्हणाली. "मुलगी झाली तेव्हा पण गुडघाच धरून बसले होते."

बाई हसल्या, आम्हीही हसलो. मग त्या पत्नीकडे वळल्या. "मघाशी तुम्ही सीताफळांचा विषय अर्ध्यात सोडलात. यांनी ती आणली, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

पत्नीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "मी सीताफळ सोडलंय."

"सोडलंय म्हणजे?"

"आमच्यात देवीला काही मागायचं तर जिवाला आवडती एक वस्तू सोडतात. काम होईपर्यंत खायची न्हाई, आणि कोणाला सांगायचं पण न्हाई. यांची बदली रद्द झाली तेव्हा मी म्हटलं होतं, हे नांदेडला येईपर्यंत सीताफळ खाणार न्हाई." ती थोडी हसली. "आता तर हे रिटायर होऊनच येतील. मग त्यात देवीनं काय केलं म्हणायचं? त्या दिवशी दारात टोपली दिसली आणि मला वाटलं, झालं. देवीनं सांगितल्याशिवाय यांना कसं कळंल? म्हणून विचारलं, बदलीची ऑर्डर आली का. तर हे म्हणाले, अभ्यास आहे."

बाईंनी हलकेच मला विचारले, "आत्ता तुम्हाला काय होतंय?"

सांगण्याची जागा तीच होती, वेळही तीच होती, आणि दोन माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"गुडघा," मी म्हणालो.

या वेळी कोणी हसले नाही. ते अगदीच खोटे नव्हते. उठून उभे राहा असे कोणी म्हटले असते, तर मला उभे राहता आले नसते. त्या उपचाराने आमच्या घरातले खोल पुरलेले काहीतरी वर आणले यात शंका नाही. ते तिचे होते. माझे होते तिथेच राहिले.

तिसरा उपचार आम्ही शेवटी ठेवला होता, आणि खरे तर आधी तोच करायला हवा होता. विष्णुपुरीच्या रस्त्याला राहणारे एक निवृत्त गृहस्थ तो करीत. हा उपचार संसार दुरुस्त करण्यासाठी नसतोच. मोडायचा की दुरुस्तीला घ्यायचा, एवढे ठरवण्यासाठी असतो. भेटी मोजक्याच, आणि त्यातही दोघांशी वेगवेगळे बोलणे. "मी तुम्हाला जोडायला बसलेलो नाही आणि तोडायलाही नाही," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "तुमचं तुम्हाला नीट दिसावं, एवढंच माझं काम."

एकट्याने बोलताना मी त्यांना पत्नीचे गुण सांगितले, मग तिचा हट्टी स्वभाव सांगितला, मग दोन्ही उपचारांचा तुलनात्मक गोषवारा दिला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"त्यांच्याबद्दल झालं. उपचारांबद्दल झालं. आता तुमचा वाटा सांगा. फक्त तुमचा."

आधीच्या दोघांनीही हे विचारले असेल, पण तेव्हा पत्नी शेजारी होती. इथे नव्हती, म्हणून मी धीट झालो आणि बदलीची सगळी हकीकत सांगून टाकली. मला फार हलके वाटले.

"मग हे मला का सांगताय?" ते म्हणाले.

"इथलं बोलणं बाहेर जात नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"अस्सं. म्हणजे जिथून बाहेर जाणार नाही अशी जागा बघून सांगितलंत."

मी म्हणालो, "तिला सांगितलं तर ती जाईल."

"जाऊ शकतात."

"आणि न सांगता राहिली तर?"

"तर कोणाजवळ राहिल्या, हे त्यांना ठाऊक नसेल." त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि पत्नीला आत बोलावले.

शेवटच्या भेटीनंतर तिने निर्णय सांगितला. वेगळे व्हायचे. तेवढ्यात मेहुण्याने दिवाळीनंतरच्या रविवारी रेणापूरला बैठक ठरवून टाकली. "बरंच झालं," पत्नी म्हणाली. "भांडायचं न्हाई. सगळ्यांना एकदाच सांगून टाकू, म्हणजे दर सणाला विचारायचं तरी बंद होईल."

त्या रविवारी आम्ही नांदेडहून गाडीने निघालो. तिच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेले काहीतरी होते. काय आहे असे मी विचारले.

"आप्पाचा अडकित्ता. भावाला देऊन टाकते. आता आपल्याला कशाला लागतोय?"

लोहा मागे पडले. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या. सीताफळांचा हंगाम संपत आला होता. मी गाडी बाजूला घेतली. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या मागोमाग उतरली.

"या साहेब, शेवटलाच माल हाय," टोपलीमागची म्हातारी म्हणाली. तिने एक फळ दोन्ही अंगठ्यांनी उकलून पत्नीपुढे धरले. "खाऊन बघ बाई. गोड न्हाई निघालं तर वापस."

"मी खात न्हाई, मावशी."

"शुगर हाय का?"

"न्हाई. नवरा हाय."

"तो तर समद्यायलाच हाय," म्हातारी म्हणाली.

रेणापूर जवळ येत होते. तिथे सतरंजीवर वडीलधाऱ्यांसमोर ती सांगणार होती की दोष कोणाचाच नाही, नशिबाने घर दोन जागी झाले. आणि मी मान खाली घालून ते ऐकणार होतो. हे चित्र मला इतके स्पष्ट दिसले की मी बोलायला तोंड उघडले.

"त्या बदलीच्या संदर्भात, त्या वेळची एकंदर परिस्थिती अशी होती की—"

"थांबा," ती म्हणाली. तिने मला नीट न्याहाळले. मग रुमाल सोडला, अडकित्ता काढला आणि माझ्या हातात ठेवला. "'मला' पासून सुरू करा. मी मध्ये बोलणार न्हाई."

अडकित्ता तिच्या हाताने कोमट झालेला होता. "मला नांदेडला यायचं नव्हतं," मी म्हणालो.

माझा आवाज मुळातच बारीक. नेमका त्याच वेळी उसाने भरलेला ट्रॅक्टर गाणी लावून आमच्या पाठीमागून जाऊ लागला. पत्नी नियमाला बांधलेली. तिने नुसते कानाकडे बोट केले.

"साहेब, मोठ्यानं बोला," म्हातारी म्हणाली. "बाईला ऐकू येऊन न्हाई राहिलं."

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबता आले असते. थांबण्यात मी आधीच अर्धे आयुष्य घालवले होते. मी अडकित्ता घट्ट धरला आणि जन्मात कधी ओरडलो नव्हतो इतक्या मोठ्याने, त्या भर रस्त्यावर ओरडलो :

"बदली साहेबांनी रद्द केली नाही, मी केली! नंतर पुन्हा विचारलं होतं, तेव्हाही मीच नको म्हणालो! देवीनं तुझं ऐकलं होतं, मी ऐकलं नाही! मला एकट्याला निवांत बसायचं होतं, आणि त्यापायी तू इतकी वर्षं तोंडचं काढून ठेवलंस! माझं चुकलं! मला माफ कर!"